मार्ग मोकळा

पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या. डावीकडे कॅमेऱ्याने टिपलेलं जंगल, जसं होतं तसं. उजवीकडे तेच जंगल, पण यंत्राला जेवढं समजलं तेवढं. नुकतंच उजाडत होतं. डावीकडच्या चौकटीत एक जुना रानउंबर उभा होता आणि त्याच्या शेंड्याकडे फांद्या वाकवून केलेलं घरटं दिसत होतं. घरट्यातून एक लांब काळा हात बाहेर आला, हवेत थोडा थांबला, आणि कडेला लोंबणाऱ्या पोराला त्याने आत ओढून घेतलं. उजवीकडच्या चौकटीत फक्त झाड होतं. त्याच्या खोडाभोवती हिरवी रेघ उमटली आणि खाली अक्षरं आली: 'मार्ग मोकळा'. मग दोन्ही चौकटींमध्ये झाड एकाच वेळी आडवं झालं.

"पुन्हा दाखव," वृंदा नेरूरकर म्हणाली.

"नको, ताई."

"दाखव म्हणते ना."

डॉ. जयसिंग सरनोबतने पुन्हा दाखवलं. कंटेनरमधल्या त्या खोलीत एसी घरघरत होता, तरी त्याच्या कपाळावर घाम होता. तो हरितमेरू कंपनीचा यंत्रदृष्टीचा तज्ज्ञ. खाणीसाठी किसोंगाचं जंगल साफ करायला कंपनीने चालकाशिवाय चालणारी यंत्रं आणली होती. त्यांना सगळे नुसतं 'छेदक' म्हणत. त्या छेदकांना बघायला शिकवणं हे जयसिंगचं काम.

वृंदा त्याच्या कितीतरी आधी इथे आली होती. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या पूर्वेच्या या डोंगरउतारांवर ती पंधरा वर्षं रानटी चिंपांझींचे फोटो काढत होती. मूळची वेंगुर्ल्याची. चिंपांझींना तिने गावाकडचीच नावं दिली होती. पारू हे नाव बाजारातल्या एका कजाग कोळणीचं, कारण दोघींनाही कुणी आपल्याकडे रोखून बघितलेलं खपत नसे. पारूच्या पोरीच्या कपाळावर फिकट ठिपका होता, म्हणून ती टिकली. तोंडावर मुखपट्टी बांधून, अंतर राखून, वृंदा त्यांच्याजवळ बसून राहायची. उभं राहून तिने कधी त्यांचा फोटो काढला नाही. जनावराचा फोटो वरून काढला की ते जनावर दिसतं, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरून काढला की ते कुणीतरी होतं, असं ती शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. मग उकिडवं बसून, एका हाताची मूठ मातीत टेकवून, "हलू नको गं बाई" असं पुटपुटत ती वाट बघायची. काळ्या केसांतला काळा चेहरा, वर झाडांची गच्च सावली. त्या सगळ्या काळोखात डोळ्यातली चमक सापडली तर फोटो, नाहीतर दिवस फुकट.

गेल्या महिन्यात ही सगळी टोळी दिसेनाशी झाली. चिंपांझी वरच्या डोंगरात निघून गेले, असं कंपनीने जाहीर केलं. वृंदा वरचे डोंगर पालथे घालून आली. तिथे कुणी नव्हतं. आणि आज सगळे नाश्त्याला गेलेले असताना जयसिंगने तिला इथे बोलावून घेतलं होतं.

"ही पारू आहे," ती म्हणाली. "आणि ती टिकली. तुझ्या यंत्राला दिसली नाहीत?"

"नाही दिसली."

"आंधळं आहे का ते?"

"आंधळं असतं तर बरं झालं असतं, ताई. त्याला सगळं दिसतंय. फांदीवरचा सरडा दिसतोय. फक्त चिंपांझी दिसत नाही. आम्ही तो पुसला."

"पुसला म्हणजे?"

जयसिंगने खुर्ची तिच्याकडे वळवली. तो कोल्हापूरचा. अवघड गोष्ट सांगायची वेळ आली की त्याच्या बोलण्यात गाव उतरायचं.

"आधी आपण त्याला शिकवलं बगा. तुम्ही फोटो दिलात, मी ते त्याच्यापुढे धरले. हा चिंपांझी, हा पाठमोरा, हा झोपलेला, हा पानाआडचा. याला आम्ही दृष्टिसंस्कार म्हणतो. पोरांवर संस्कार करतात की नाही, तसंच. दाखवून दाखवून ते त्याच्या अंगात मुरतं. मग चिंपांझी दिसला की छेदक आपणहून थांबतो, आणि तो झाडावरून जाईपर्यंत हलत नाही. सरकारची अटच होती तशी."

अट सरकारची होती, पण ती घालायला लावली होती वृंदानेच. त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून, पंधरा वर्षांचे सगळे फोटो तिने हसत हसत या माणसाच्या स्वाधीन केले होते.

"पण मग छेदक सारखे थांबायला लागले," जयसिंग म्हणाला. "उंबर पिकला की तुमची मंडळी सकाळी जी चढतात ती दुपारपर्यंत उतरायचं नाव घेत नाहीत. आमच्या मोठ्या साहेबांनी, दफ्तरदारांनी, मला विचारलं, शिकवता येतं तर विसरवता पण येत असेल ना? येतं, ताई. दृष्टिपुसण म्हणतात त्याला. पण काय विसरायचं ते नेमकं दाखवावं लागतं. हा दिसला का? दिसला म्हणालं की कान पिळायचा. परत दाखवायचा. नाही दिसला म्हणेपर्यंत. विसरायलासुद्धा फोटो लागतात."

"कुणाचे फोटो वापरलेस?"

जयसिंगने पडद्यावर फोटोंची यादी उघडली; प्रत्येकापुढे तिचंच नाव होतं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण वृंदाने लहानपणापासून ऐकली होती. तो दांडा आपणच असू, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तिला राग आला, आणि तो अगदी स्वच्छ होता.

"तू केलंस हे."

"मी केलं. पोटासाठी केलं म्हणा, भित्रा म्हणून म्हणा. काय म्हणाल ते कमीच आहे."

"सरकारला दाखव हे चित्र."

"सरकारला फक्त उजवी चौकट जाते. डावी इथेच राहते आणि आपोआप पुसली जाते. मी नक्कल काढायला गेलो तर कुलूप. पडद्याचा फोटो काढलात तरी तो पुरावा धरत नाहीत. कायद्यात लिहिलंय, यंत्राला दिसला नाही म्हणजे तिथे नव्हता. तुमच्याकडे जिवंत चिंपांझींचे फोटो आहेत. मेलेल्याचा एक तरी आहे का?"

"मग हाताने थांबवायचं होतंस!"

"थांबवलं होतं. दोनदा. त्यानंतर माझी थांबा-कळच काढून घेतली. आता ती समुद्रापलीकडे मुख्य कचेरीत आहे. तिथला माणूस पण उजवी चौकटच बघतो. इथून मी फक्त वायरलेसवर ओरडू शकतो, आणि यंत्राला कान नाहीत." तो उठला. "अजून एक दाखवायचं आहे. बाहेर चला."

कंटेनरमागच्या मोकळ्या जागेत दुरुस्तीसाठी आणलेला एक छेदक उभा होता. एसटीच्या बसएवढं धूड. खाली रबरी पट्टे, पुढे झाडाला कवेत घेणारा पंजा, डोक्यावर एक दिवा. दिवा हिरवा असला की मार्ग मोकळा, पिवळा झाला की माणूस दिसला. विजेवर चालत असल्यामुळे त्याचा आवाज जवळजवळ नव्हताच. जंगलाची शांतता भंगू नये म्हणून ही खास सोय, असं कंपनी अभिमानाने सांगत असे.

जयसिंगने यंत्राची नजर चालू केली आणि वृंदाला जाकीट काढायला लावलं. कामावरच्या प्रत्येकाच्या अंगावर हे चमकत्या पट्ट्यांचं जाकीट असे. त्यात एक खूणयंत्र शिवलेलं होतं. ते जवळ असलं की छेदक न बघताही जागच्या जागी थांबे.

"उभ्या राहा त्याच्यापुढे. टोपी पण काढा."

ती उभी राहिली. दिवा पिवळा झाला.

"आता बसा. त्यांच्यात बसायचा तशा."

वृंदा उकिडवी बसली. खांदे सैल सोडले, मान खाली, एक मूठ मातीत. पंधरा वर्षांच्या सवयीने ते शरीर आपोआप तसं झालं.

दिवा हिरवा झाला.

"मी कुठे गेले?" तिने बसूनच विचारलं.

"शेजाऱ्याबरोबर गेलात. यंत्राच्या मनात कप्पे नसतात, ताई. एक वस्ती असते. सारखं दिसणारं सगळं एकमेकांना लागून राहतं. माणूस आणि चिंपांझी यांची घरं तर इतकी चिकटून की मधली भिंत एकच. आम्ही चिंपांझीचं घर पाडलं. मग भिंत कशी राहील? माणसाच्या घराची तेवढी बाजू पण पडली. ताठ उभा असलेला माणूस वाचला. वाकलेला, रांगणारा, जमिनीला हात टेकलेला माणूस त्याला आता झुडपासारखा. झुडूप तुडवून जायची त्याला मुभा आहे."

"दफ्तरदारला माहीत आहे हे?"

"मी समोर बसून सांगितलं. हसले. म्हणाले, 'सगळ्यांच्या अंगावर जाकीट असतंच की. आणि जंगलात कोण रांगतंय, सरनोबत?'"

वृंदा तशीच बसून हिरव्या दिव्याकडे बघत होती. जयसिंगने तिला उठवायला हात पुढे केला आणि वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हणाला, "उठा आता. जित्याची खोड! उद्या मंत्र्यापुढे पण अशाच बसाल तुम्ही."

"बसेन," वृंदा म्हणाली.

*

केदारनाथ दफ्तरदार पुढच्याच आठवड्यात आले. त्यांना आवाज चढवताना कुणी पाहिलं नव्हतं. ज्याला आवाज चढवावाच लागत नाही त्याच्याच सहीने डोंगर सपाट होतात, हे वृंदा या जंगलात शिकली होती. माणूस गोरापान, हसतमुख, समोरच्याचं नाव लक्षात ठेवणारा. तिच्या तंबूबाहेरच्या ओंडक्यावर रुमाल अंथरून ते बसले आणि तिने दिलेला कोरा चहा त्यांनी तक्रार न करता प्यायला.

"वृंदाताई, तुमची मंडळी वर डोंगरात मजेत असतील आता."

"असतील."

"मला सगळे विचारतात, तुम्ही निसर्गाच्या विरुद्ध आहात का हो? अहो, मी कोकणातच वाढलो. आंब्याच्या झाडावर माझं बालपण गेलं. एक झाड काढलं तर दहा लावू, हे माझं तत्त्वच आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "उद्या मंत्री येतायत. मी रोप लावणार आहे. फोटो तुम्हीच काढायचा. पुढे मी आणि रोप, मागे छेदक काम करतोय. विकास आणि निसर्ग एका चौकटीत. जगभर छापून येईल. जमेल ना?"

त्यांच्या बोलण्यात कुठेही खोट नव्हती, आणि तेच तिला सहन होईना. हा माणूस खोटं बोलतच नव्हता. पारूचं त्याला खरोखरच काही आठवत नव्हतं. यंत्राची नजर पुसायला जयसिंगला फोटो लागले होते, याची नजर याने स्वतःच पुसली होती, आणि तीही काही न लागता.

"जमेल," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे. फोटो काढताना आसपास कुणी नको. गर्दीत मला काम करता येत नाही."

"चिंपांझींसारखंच म्हणा की!"

"हो. त्यांच्यासारखंच."

त्या संध्याकाळी ती तोडलेल्या रानात एकटीच फिरली. रानउंबराचा उरलेला बुंधा इतका रुंद होता की त्यावर चार माणसं आडवी झोपली असती. चीक वाळून काळा पडला होता. त्याच्या कडेला तिला मोडकी डहाळी सापडली, घरट्यासाठी वाकवतात तशी वाकवलेली. तिला वाटलं होतं आपण रडू, पण रडू आलं नाही. तिने छेदकाच्या ये-जा करण्याचा मोकळा पट्टा कुठून कुठे जातो ते पाहिलं. झाड आडवं करायचं, ओंडका पंजात धरून त्याच पट्ट्यातून खालच्या ढिगाकडे यायचं, पुन्हा वर जायचं. रानउंबराचा बुंधा त्या पट्ट्याच्या कडेलाच होता. त्याच्याजवळ, पट्ट्याच्या बरोबर मधोमध, तिने रोपासाठी एक खूण केली. जयसिंगला तिने यातलं काही सांगितलं नाही. तो भला होता, आणि भल्या माणसांना अशा कामात घेऊ नये.

*

दुसऱ्या दिवशी भाषणं झाली. पेरावं तसं उगवतं, हे दफ्तरदारांनी आपल्या भाषणात दोन वेळा म्हटलं आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मग मंत्री आणि पाहुणे टेकाडापलीकडच्या मंडपात जेवायला गेले. दफ्तरदार आणि वृंदा रोप घेऊन पट्ट्यात आले. वर, जंगलाच्या कडेला, छेदक एका झाडाला कवेत घेत होता.

"काय फ्रेम आहे!" दफ्तरदार म्हणाले. "कुठे उभा राहू?"

"उभे नको. रोप उभ्याने लावत नाहीत."

"बरोबर." ते एका गुडघ्यावर बसले.

वृंदाने कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा काढला. "टोपी काढता का? चेहऱ्यावर सावली पडतेय."

त्यांनी डोक्यावरची कडक टोपी काढून बाजूला फेकली आणि केसांवरून हात फिरवला.

"जाकिटाच्या पट्ट्या फार चमकतायत. त्या उजळ आल्या की चेहरा काळा पडतो. काळा चेहरा टिपणं सोपं नसतं, मी आयुष्यभर तेच केलंय."

"तुम्ही सांगाल तसं." जाकीट टोपीच्या मागोमाग गेलं, बुंध्याच्या पलीकडे, चांगलं दूर. "तुमच्यापुढे म्हणे चिंपांझीसुद्धा गप बसतात."

"बसायचे."

त्यांना तो भूतकाळ ऐकू आला नाही. वृंदाने आपलंही जाकीट काढून लांब टाकलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. टोपीची सावली खरंच पडत होती, पट्ट्या खरंच चमकत होत्या. कुठलाही फोटोग्राफर हेच म्हणाला असता.

"आता दोन्ही गुडघे टेका. एक हात मातीत. माणसाने मातीला हात लावला की लोकांना खरं वाटतं. अजून खाली. मान रोपाकडे. छान. हलू नका."

आणि ती त्यांच्यासमोर काही पावलांवर उकिडवी बसली, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर.

कॅमेऱ्यातून तिला सगळं एका चौकटीत दिसत होतं. पुढे रोपाची चार पानं, मग दफ्तरदारांचा हात, त्यांचा नम्र चेहरा, आणि त्यांच्या खांद्यामागे पट्ट्यातून खाली येणारा छेदक. पंजात ओंडका, डोक्यावर हिरवा दिवा. रबरी पट्ट्यांखाली पाला दबत होता, पण तो ओला होता आणि आवाज करत नव्हता. पारूलाही हा आवाज ऐकू आला नसणार.

तिच्या कानातल्या वायरलेसवर खरखर झाली. "ताई? डाव्या चौकटीत तुम्ही दिसताय. आणि साहेब. उजवीत कुणीच नाही. ताई, छेदक तुमच्याकडेच येतोय!"

तिने कळ दाबली. एक फोटो.

"ताई, उठा! जाकिटं कुठे आहेत तुमची? ताई, ऐकताय का?"

दुसरा फोटो. दिवा हिरवा. छेदक आता इतका जवळ आला होता की चौकटीत मावत नव्हता.

"वृंदाताई, पाया पडतो तुमच्या, उभ्या राहा!"

ती उठली. का उठली ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. डोकं काय करायचं ते ठरवत होतं, तोवर पायांनी ऐकलं होतं. ताठ उभी राहिलेली बाई यंत्राला दिसली. दिवा पिवळा झाला आणि छेदक जिथे होता तिथे थिजला.

दफ्तरदार कळवळून ओरडले. रबरी पट्ट्याची कड त्यांच्या बुटावर, घोट्यापर्यंत चढली होती. उठायला गेले तर ओंडका धरलेला पंजा पाठीला टेकला. मान वळवून त्यांनी वर पाहिलं. मग पिवळ्या दिव्याकडे पाहिलं. मग वृंदाकडे. माणूस हुशार होता. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"सरनोबतने सांगितलं होतं," ते पुटपुटले. "मी... माझ्या लक्षातच राहिलं नाही."

"जंगलात कोण रांगतंय, असं तुम्ही म्हणाला होतात."

"वृंदाताई." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हलू नका. देवाशपथ, हलू नका!"

आयुष्यभर हे दोन शब्द ती दुसऱ्यांना म्हणत आली होती. तिला ते कुणी कधी म्हटले नव्हते.

"माझा पाय मोडलाय बहुतेक. तुम्ही तिथेच उभ्या राहा, कुणीतरी येईल. मी थांबवतो सगळं. उद्यापासून एक झाड पडणार नाही, शब्द देतो. यंत्राला पुन्हा शिकवू. तुमचे फोटो आहेत ना अजून?"

"फोटो आहेत," ती म्हणाली. "ती नाहीत."

"उत्तरेला दुसरी टोळी आहे. ती वाचवू. मी लिहून देतो."

"आधीची अट पाळू, हेही तुम्हीच लिहून दिलं होतं. सही तुमचीच होती."

कानात जयसिंगचा आवाज थांबला होता. टेकाडाच्या अलीकडे, अजून बराच लांब, तो धावत येताना दिसला, धापा टाकत, दोन्ही हात वर करून. तो पोचला की स्वतः यंत्रापुढे उभा राहील, हे तिला ठाऊक होतं. मग कचेरीला फोन जाईल, पाय सोडवतील, पट्टी बांधतील. पुढच्या महिन्यात हा माणूस कुबडी घेऊन दुसऱ्या कुठल्या तरी जंगलात रोप लावेल. आणि उत्तरेच्या टोळीतल्या कुणाच्याही लेकीचं नाव त्याला आठवणार नाही, कारण ते त्याने कधी विचारलेलंच नाही. ती एवढा वेळ हलली नव्हती ती त्याच्यासाठी नव्हे. तिला फक्त आपला राग निवतोय का ते बघायचं होतं. तो निवला नव्हता.

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. वरून बघताना मातीत पडलेला तो माणूस नुसतं एक जनावर वाटत होता, अडकलेलं आणि घाबरलेलं. अशा फोटोला काही अर्थ नसतो. जे करायचं ते जनावराला करायचं नव्हतं तिला. ते दफ्तरदारांना करायचं होतं, त्यांच्या डोळ्यांतली चमक नीट दिसत असताना.

"वृंदाताई, काय करताय? उभ्या राहा. वृंदाताई!"

"एक शेवटचा," ती म्हणाली. "हलू नका."

आणि ती खाली बसली. दिवा हिरवा झाला.